मामांनी पाठवलेला मेसेज



आज हप्ता, व्याज, बँकेचा प्रस्ताव यातलं काही सांगणार नाही. आज मोबाईलवर येणाऱ्या मेसेजबद्दल बोलायचंय. सकाळच्या फुलांच्या मेसेजबद्दल नाही. एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसांबद्दल मनात विष कालवणारा जो मेसेज असतो ना, त्याच्याबद्दल. तो पाठवणारा परका नसतो. मामा असतात, नणंदेचे यजमान असतात, सख्खा भाऊ असतो. परक्याने पाठवला असता तर आपण पुसून मोकळ्या झालो असतो. मामांनी पाठवलाय म्हटल्यावर बोलायचं काय आणि कसं? हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारलाय. बैठकीत नाही विचारत. बैठक उठल्यावर, चप्पल घालता घालता विचारतात.

बहुतेक जणींचं मत असं की सोडून द्यावं, घरात कशाला वाद. प्रत्येक मेसेजवर भांडत बसावं असं मीही म्हणणार नाही, आपल्याला दुसरी कामं आहेत. पण काय सोडायचं आणि काय नाही ते ठरवण्याआधी एक घटना ऐका. काहींना आठवत असेल.

1 जुलै 2018. रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे, तिथे आठवडे बाजार भरला होता. बाजाराला पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. कुणाला तरी संशय आला, लोक जमले, मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेही मारलं. पाचही जण गेले. त्यांच्यापैकी एकानेही कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं.

ते मेसेज पुढे पाठवणारे सगळे गुंड होते का? मला नाही वाटत. कुणी मावशी असेल, कुणी काका असेल, लेकरांच्या काळजीनेच पाठवलं असेल. पण मेसेजमधला चोर नेहमी कोण असतो ते बघा. झोळीवाला, पालावर राहणारा, वेगळी भाषा बोलणारा. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षांनी. कायदा गेला तरी पालावरच्या बाईकडे बघायची नजर गेली नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती नजर आयती मिळते.

त्याच वर्षी एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोरगं उचलतात आणि जातात. बघून काळजाचं पाणी होतं. तो व्हिडिओ आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला बनवलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तो माणूस मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो, की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कुणीतरी शेवटचा तेवढा भाग कापला, खाली आपल्याकडच्या गावांची नावं घातली आणि सोडून दिला.

आपल्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे सूत्र आहे. पावती नसेल तर शंभर रुपयांचा खर्चसुद्धा आपण मंजूर करत नाही. अमकी पैसे बुडवणार आहे म्हणे, असं कुणी सांगितलं तर आधी वही उघडतो. आणि फोनवर मात्र आख्ख्या समाजाला थकबाकीदार ठरवणारा मेसेज येतो, ना सही, ना तारीख, ना पावती, आणि आपण तो मान्य करून पुढे पाठवतो.

फोन स्वतः थोडं सांगतो, बरं का. मेसेजच्या वर एक बाण आणि ‘फॉरवर्डेड’ असं दिसलं तर तो पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, दुसरीकडून आलाय. दोन बाण दिसले तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलाय. असा दोन बाणांचा मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, कंपनीनेच तशी अडवणूक करून ठेवलीय. दोन बाण म्हणजे खोटंच, असं नाही. पण मामांनी तो लिहिलेला नाही एवढं पक्कं कळतं. आणि याचा बोलताना फार उपयोग होतो, कारण मग मामांना ‘तुम्ही खोटं बोलता’ असं म्हणायची वेळच येत नाही. आपलं भांडण त्या लिहून लपलेल्या माणसाशी.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की घरच्या ग्रुपवर लगेच उत्तर देऊ नका. चाळीस नातेवाइकांसमोर भाचीने ‘मामा, हे खोटं आहे’ असं लिहिलं की मामा खरं-खोटं बाजूला ठेवतात आणि मान सांभाळायला लागतात. मग ते आणखी दोन मेसेज टाकतात. त्यापेक्षा फोन लावा. आधी पाऊस विचारा, मामींचा गुडघा विचारा. मग म्हणा, “मामा, सकाळचा तो मेसेज तुम्हाला कुणी पाठवला हो?” एवढंच. बहुतेक वेळा उत्तर येतं, “अगं, आला होता कुठून तरी.” पुढचं विचारा, “तुमच्या ओळखीत असं कुणाच्या बाबतीत झालंय का?” आणि गप्प बसा. घाई करू नका, त्यांना आठवू द्या. मग आपण आठवण करून द्यायची, की मोटार जळाली की रात्री तुम्ही फोन कुणाला करता? आपली विहीर कुणी खणली? मामींच्या हातातला चुडा कुणी भरला? मुलाणी, बागवान, वडार, पारधी ही आपल्या गावातली नावं आहेत, चेहरे आहेत. मेसेजमध्ये फक्त ‘ते लोक’ असतात.

सुनेचं वेगळं आहे. सासऱ्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि रोज एकाच चुलीवरचं खायचं असतं. काही जणी दिराकरवी सांगतात, काही नातवाकरवी. एका गटातल्या वहिनींनी मात्र वेगळंच केलं, ते मला फार आवडलं. सासरे मेसेज दाखवायला आले. वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “नाना, माझे हात पिठाचे आहेत, तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा ना.” नाना वाचायला लागले. ओसरीवर नातवाचा मित्र बसलेला, ज्या समाजाबद्दल तो मेसेज होता त्याच समाजातला, रोज घरात येणारा पोरगा. नाना तिसऱ्या ओळीला थांबले. “काहीतरीच लिहितात लोक,” म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. वहिनींनी एक शब्द बोलला नाही.

धाकटा भाऊ, भाचा, पुतण्या असेल तर इतका आडपडदा नको. सरळ विचारा, “हे तू वाचलंस का टाकायच्या आधी?” पोरं बहुतेक वाचतच नाहीत.

आता एक मेसेज असा आहे जो दर दोन महिन्यांनी येतोच. मुसलमानांची लोकसंख्या इतकी वाढतेय की थोड्या वर्षांत आपण उरणार नाही, असा. याला आकडे आहेत आणि ते सरकारचे आहेत, म्हणून सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात ते काढतात. 1992-93 साली मुस्लिम बाईला सरासरी 4.4 आणि हिंदू बाईला 3.3 मुलं होत होती. 2019-21 च्या सर्वेक्षणात मुस्लिम 2.36 आणि हिंदू 1.94. फरक अजून आहे, तो लपवायचं कारण नाही. पण दोन्हीकडे आकडा खाली आलाय, आणि मुस्लिमांमध्ये जास्त उतरलाय. त्याच सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्राचा सगळ्या धर्मांचा मिळून आकडा 1.7 होता. कारण शोधायला लांब जायला नको. तुमच्या आजीला किती मुलं, आईला किती, तुम्हाला किती, बोटांवर मोजा. मुलगी किती शिकली, लग्न कितव्या वर्षी झालं, नर्सताई घरापर्यंत पोचल्या का, यावर ते ठरतं. अर्थात आकड्यांनी माणूस बदलतो असं मला वाटत नाही. मामांना आधी मोटार भरणारा आठवू द्या, आकडे नंतर.

मात्र एका वेळी एकट्याने फोन करून भागत नाही. ज्यांच्याबद्दल मेसेज आहे तीच बाई त्या ग्रुपवर असेल तेव्हा.

मागच्या श्रावणात आमच्या एका ग्रामसंघाच्या ग्रुपवर मेसेज आला, की अमक्या समाजाकडून उपवासाची फळं घेऊ नका. सोबत कुठलातरी जुना व्हिडिओ. त्याच ग्रुपवर एक बागवान ताई आहेत. आठवडे बाजारात केळी आणि पेरू विकतात, गटातून कर्ज काढून त्यांनी हातगाडी घेतलीय. पन्नासेक बायकांनी तो मेसेज पाहिला. रात्रभर कुणी काही बोललं नाही. आता त्या ताईंच्या जागी बसून बघा. एका बाईने मेसेज टाकला आणि उरलेल्या गप्प राहिल्या. त्यांच्या हिशेबाने मेसेज पन्नास जणींनी टाकला की हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गटाच्या अध्यक्षांनी बोलून मेसेज टाकला. वयस्कर बाई आहेत, सही करायला गटात आल्यावर शिकल्या. म्हणाल्या, “सगळ्यांनी ऐका. गटाची वही माझ्यापाशी आहे. ताईंचा एकही हप्ता चुकलेला नाही. कालचा मेसेज आपल्या ग्रुपवर नको. माझा सोमवार आहे, मी केळी त्यांच्याकडूनच आणणार.” टाकणारीचं नाव घेतलं नाही, टोमणा मारला नाही. ॲडमिन म्हणून मी तो मेसेज काढून टाकला. टाकणारी नंतर मला म्हणाली, दिराकडून आला होता, मी नीट बघितलाही नव्हता. तिचं मला खरं वाटलं.

तरी बागवान ताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. बचत शेजारणीबरोबर पाठवली, अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. बाजारात गिऱ्हाईक कमी झालं होतं, एक हप्ता अर्धाच आला. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं हे तुम्हाला सांगायला नको. एकीचा धंदा बसला की दहा जणींच्या पुढच्या कर्जाला खीळ बसते. तिसऱ्या बैठकीला ताई आल्या. त्या मेसेजबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आम्ही विचारलंही नाही. नंतर एकट्यात मला सांगितलं, की मुलाने तो मेसेज त्यांच्या फोनवर वाचला होता आणि आईला काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं ते मी रेडिओवर सांगणार नाही.

ॲडमिन असलेल्या मैत्रिणींना भीती असते, की दुसरीने काही टाकलं तर आपल्यावर केस होईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली स्पष्ट केलंय, की त्या कृत्यात ॲडमिनचा हेतू सामील नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तिला दोषी धरता येत नाही. पण धर्म-जातीवरून वैर वाढवणारं स्वतः पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भाच्याला हे जरूर सांगा. पोरांना आपल्या समजावण्यापेक्षा पोलीस भरतीची काळजी जास्त असते.

एवढं करूनही मामांनी ऐकलं नाही तर? काही नाहीच ऐकत. माझ्या एका चुलत मामांना मी तीनदा फोन केला. आता ते मला पाठवत नाहीत, बाकी सगळ्यांना पाठवतात. घरी गेलं की आग्रहाने वाढतात. मी अधूनमधून फोन करते, पाऊस विचारते, मग तो प्रश्न विचारते.

आणि मुलं पळवण्याचा मेसेज आला तर मात्र वाट बघू नका, सोडूनही देऊ नका. त्याच वेळी पोलीस पाटलांना विचारा, खरं आहे का? 112 हा पोलिसांचा नंबर आहे, 1098 हा मुलांच्या मदतीचा. दोन्ही नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. ग्रुपवर कळवायचंच असेल तर पोलीस पाटील जे सांगतील तेच कळवा. गावात अनोळखी माणूस दिसला आणि लोक जमायला लागले, तर चौघी-पाच जणी मिळून पुढे व्हा. त्याचं गाव विचारा, तांब्याभर पाणी द्या, आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलू नका.