खरजेचा किडा



तुमच्या वर्गाच्या ताई म्हणाल्या, "गुरुजी, एक दिवस आरोग्यावर बोला." मी मॅट्रिक शिकलेला माणूस. सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि मुख्याध्यापक होऊन घरी बसलो. मी डॉक्टर नाही. पण एका रोगाने मला सव्वा वर्ष रात्री झोपू दिले नाही. त्या रोगापुरते मला थोडे कळते. तेवढेच सांगतो. त्या रोगाचे नाव खरूज.

नाव ऐकून मागे कोणी तरी हसले. हसा बापांनो. मीसुद्धा हसत होतो. खरूज हा अंघोळ न करणाराचा रोग, घाणेरड्याचा रोग, असे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेले आहे. ते मी चुकीचे लिहिले.

झाले असे. दिवाळी झाली आणि मला खाज सुटू लागली. दिवसा फारसे काही नाही. रात्री पांघरूण घेतले, अंग जरा ऊबदार झाले, की सुरू. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, करदोट्याच्या जागी. ओरबाडून ओरबाडून रक्त निघायचे. उठून अंगणात जाऊन बसायचो. घरच्यांना वाटायचे, आबांना झोप लागत नाही, वय झाले.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हात धरून पाहिला नाही. म्हणाले, "वयाने कातडी कोरडी होते. तेल लावा." तेल लावले. दुसऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पित्त उठते." गोळ्या घेतल्या. तिसरे म्हणाले, "गुरुजी, नोकरी संपली की माणसाला रिकामपण खाते. तुमची खाज मनातली आहे."

हे मला फार लागले. शाळेत माझा शब्द खोटा पडला नव्हता. इथे माझी खाजच खोटी ठरली. डॉक्टरांवर माझा राग नाही. दाराशी शंभर माणसे उभी असली म्हणजे एकेकाचा हात कोण निरखणार? पण रात्र तर मलाच काढायची होती ना!

मग मी आपल्याच मनाने औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली. दोन दिवसांत लाली गेली. वाटले, सुटलो. आठ दिवसांनी खाज दुप्पट झाली. पुढे कळले, त्या मलमात स्टेरॉइड नावाचे औषध होते. ते सूज दाबते, किडा मारत नाही. घराला आग लागली असता नुसता धूर झाकावा, तसे ते. पुरळ दबल्यावर डॉक्टरलाही रोग ओळखू येत नाही. अशी पुष्कळ मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे केंद्र सरकारने २०१८ साली ठरवले आहे. तरी आपण दुकानात जाऊन "खाजेची नळी द्या" म्हणतोच. हळदीचा लेपही लावून पाहिला. आपल्या जिल्ह्यात हळदीला काय तोटा! कातडी पिवळी झाली, खाज तशीच राहिली.

शेवटी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, घरात आणखी कोणाला खाज आहे?" हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "नाही." तेव्हा बरोबर आलेली सून हळूच म्हणाली, "मामा, मला आहे. बाळीलाही आहे. आत्याबाईंनाही आहे." तिघीही लाजेने गप्प होत्या. मीही गप्प होतो. एका घरात चार माणसे रात्री जागत होती आणि प्रत्येकाला वाटत होते, आपण एकटेच.

बाईंनी माझा हात दिव्याखाली धरला. भिंग लावले. बेचक्यात केसाएवढी नागमोडी रेघ दाखवली. तिथली कातडी जराशी खरवडून काचेवर घेतली आणि मला यंत्रातून पाहायला लावले. मी पाहिले. कासवासारखा गोल जीव. आठ पाय. मला किळस यायला हवी होती, पण मला आनंद झाला. मी वेडा झालो नव्हतो!

हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. नुसत्या डोळ्यांना फार तर ठिपका दिसेल. मादी आपल्या कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरते. रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि दहा-पंधरा दिवसांत पिल्ले मोठी होतात. एका माणसाच्या अंगावर साधारण दहा-पंधराच किडे असतात. तेवढे सबंध घर जागवायला पुरतात. तो कातडीच्या आत असतो, म्हणून धुऊन जात नाही. कयाधूत दिवसभर डुंबा, तो तिथेच. साबणाने निघाला असता तर माझा केव्हाच निघाला असता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्यांदा किडा शिरल्यावर खाज यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि दुसऱ्याला देत राहतो. म्हणून कोणापासून लागली हे शोधत बसू नका. घरात भांडण होईल, किडा हसेल.

ही गोष्ट जुनी आहे. इटली देशात १६८७ साली बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी भिंगाखाली हा किडा पाहिला. त्यांना सुगावा कोणी दिला, ठाऊक आहे? गरीब बायकांनी! त्या आपल्या लेकरांच्या अंगातून टाचणीने हा जीव काढून नखावर चिरडत. पण पुढे दीडशे वर्षे बहुतेक डॉक्टर म्हणत राहिले, रक्त बिघडल्याने खरूज होते. मग १८३४ साली कॉर्सिका बेटावरचा रेनुची नावाचा विद्यार्थी पॅरिसला शिकत होता. त्याने आपल्या गावच्या बायका काढत तसा सुईने किडा काढून मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवला. मग त्यांचा विश्वास बसला. आजही ही हेळसांड पुरती संपलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले.

आता मला जे सांगायला जड जाते ते सांगतो. १९८७ सालची गोष्ट. हिंगोली जिल्हा वेगळा व्हायचा होता, तो १९९९ साली झाला. आपण परभणी जिल्ह्यात होतो. माझ्या शाळेत एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जात. चार-पाच महिने एका कोपीत सगळे दाटीवाटीने निजत. तो परत आला तेव्हा हातभर खरूज होती. मी त्याला व्हरांड्यात वेगळे बसवले. "अंघोळ करून ये, मग आत बस," म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी कयाधूवर जाऊन, हात घासून घासून सोलून आला. खरूज तशीच. मी पुन्हा बाहेर बसवला. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर कधीच आला नाही. त्याचे नाव मी इथे घेत नाही. मला ते पाठ आहे.

वेगळे बसवायचे कारणच नव्हते. अंगाला अंग लागून बराच वेळ राहिले की किडा जातो. एका अंथरुणात निजणे, लेकरू कडेवर घेणे, असे. औंढ्याच्या यात्रेत खांद्याला खांदा घासला म्हणून सहसा लागत नाही. विलायतेत १९४१ साली मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने तरुण मंडळींवर प्रयोग करून पाहिला. खरूज झालेल्यांची न धुतलेली पांघरुणे आणि कपडे त्यांना वापरायला दिले. फारच थोड्यांना लागली.

मग औषध काय? पर्मेथ्रिन नावाचे मलम. डॉक्टरांनी सांगावे आणि आपण लावावे. रात्री मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, बेंबीत, झाकलेल्या जागीसुद्धा लावायचे आणि सकाळी धुवायचे. लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना डोक्यालाही लावायला सांगतात. आठवड्याने पुन्हा एकदा. काहींना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. त्या गरोदर बाईला आणि पंधरा किलोच्या आतल्या लेकराला देत नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

सगळ्यात मोठी गोष्ट ही, की घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे. खाज असो वा नसो. आम्ही आधी चुकलो. मुलगा म्हणाला, "मला काही होत नाही," आणि राहिला. महिन्याभरात पुन्हा चौघे खाजवू लागलो. दुसऱ्या वेळी पाचही जणांनी एका रात्री लावले. सकाळी कपडे, चादरी कढत पाण्यात धुऊन उन्हात घातल्या. धुता न येणारी वाकळ पिशवीत बांधून आठवडाभर ठेवली. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. मेलेले किडे कातडीत असतात. त्याने घाबरून रोज मलम चोपडू नका. चार आठवड्यांनी खाज असली, नवे पुरळ उठले, तर पुन्हा दाखवा. लेकरांच्या ओरबाडण्याने जखमांत पू झाला तर मात्र थांबू नका. कधी कधी त्यातून मूत्रपिंडाला सूज येते.

डॉक्टरकडे गेलात तर "खाज सुटते" एवढेच म्हणू नका. "रात्री जास्त सुटते, घरात इतक्या जणांना आहे, बेचक्यांत आहे," असे सांगा. तुम्ही आता लिहू शकता. चिठ्ठीवर लिहून न्या. आणि हात पुढे करून म्हणा, "साहेब, जरा भिंगातून बघा."

मी माझे भिंग आणले आहे. पुरुषांनी इकडे या. बायांसाठी आशाताई आतल्या खोलीत बसल्या आहेत, दार लावलेले आहे. रेघ दिसली तर उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे आहे. जीप नऊ वाजता मारुतीच्या पारापाशी येईल. मीही बरोबर येतो.