मॅग्नेशियम आणि मनाचे खचणे



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकाचे शिक्षण नाही. जे कळले ते वाचून. मन खचलेला कामगार युनियनच्या कचेरीत येतो, तेव्हा कुणी त्याला आळशी म्हणतो, कुणी मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्यायला सांगतो. त्या गोळ्यांना आधार किती?

मॅग्नेशियम मज्जापेशींच्या अतिउत्तेजनाला आवर घालते, हे खरे. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचा १२६ प्रौढांवरील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम नैराश्याच्या या रुग्णांना सहा आठवडे रोज २४८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिले. लक्षणे कमी झाली. परंतु तुलनेला खोटी गोळी नव्हती. आपण औषध घेतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि आशेनेही माणसाला बरे वाटते. तेव्हा हा पुरावा आरंभाचा, निकालाचा नव्हे.

बाजरी, नाचणी, तीळ, डाळी, पालेभाज्या यांत मॅग्नेशियम आहे; ते अवश्य खावे. मूत्रपिंड अधू असेल त्याने गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि तिच्या भरवशावर चालू औषध कुणीही सोडू नये.

पाय मोडलेल्याला आपण भांडून रजा आणि उपचार मिळवून देतो. मन खचलेल्यासाठीही तसेच भांडले पाहिजे.