ओढ्याकाठचे प्लॉट आणि आमची महिला सभा

आमच्या ओढ्याकाठी प्लॉट पडणार, असा बोर्ड लागला आणि गावात दोन तट पडले. जमीन विकणारी माणसं आमचीच. कुणाचा दीर, कुणाचा चुलता. शेती परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. गुंठाभर जागा घेऊन घर बांधणारेही गरीबच.

पण ओढा आम्हाला माहीत आहे, कपडे तिथेच धुतो ना आम्ही! बोर्ड लागला तो उन्हाळ्यात, ओढा कोरडा असताना. पावसाळ्यात तोच चढून पार चिंचेच्या बुंध्यापर्यंत येतो. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक जीव गेले.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे आम्ही नुसतं ऐकून होतो. यंदा ती मागून घेतली. गावनकाशा सतरंजीवर पसरला. नकाशात ओढा रुंद, प्लॉटच्या कागदावर मात्र गटाराएवढा! एक आजी म्हणाल्या, "माझ्या नातवानं घर बांधूच नये का?" सगळ्या गप्प झालो. मग ठराव लिहिला: घरं होऊ देत, पण आधी ओढ्याची मोजणी करा, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवा, सांडपाणी कुठे सोडणार ते लेखी द्या.

ग्रामसभेत बरीच बाचाबाची झाली. तरी मोजणीचा अर्ज गेला आहे. मोजणीच्या दिवशी आम्ही सगळ्या चिंचेखाली थांबणार आहोत, पाण्याची खूण दाखवायला.