चाकांवरचें बिऱ्हाड

प्रवास म्हणजे बिऱ्हाड मागें ठेवून निघणें, अशी आपली साधारण समजूत आहे. ह्या समजुतीला स्कॉटलंडच्या एका डॉक्टरनें १८८५ सालीं धक्का दिला. गॉर्डन स्टेबल्स हें त्याचें नांव. आरमाराची नोकरी सोडल्यावर हा गृहस्थ मुलांसाठीं साहसकथा लिहीत असे. ब्रिस्टलच्या एका गाडी-कारखान्याकडून त्यानें राहण्याजोगी एक गाडी बांधवून घेतली, तिला 'वाँडरर' म्हणजे 'भटकी' असें नांव दिलें, दोन घोडे जुंपले, आणि बर्कशर परगण्यांतील ट्वायफर्ड गांवाहून निघून तो थेट उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत गेला. हा प्रवास सुमारें १३०० मैलांचा. पोटासाठीं गाडींत राहणारे लोक पुष्कळ होते. केवळ हौसेसाठीं घर चाकांवर घालणारा हा पहिला, असें मानतात. पुढल्याच वर्षीं त्यानें ह्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. त्यांतील एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर बसून गाडीच्या पुढें जाई. रस्ता कसा आहे, रात्रीं गाडी कोठें उभी राहील आणि घोड्यांना निवारा कोठें मिळेल, हें पाहून ठेवी. घर चाकांवर चढविणें सोपें. तें रात्रीं कोठें टेकावें, हा खरा प्रश्न.

घोडे गेले, मोटारी आल्या, तरी प्रश्न तोच आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं ह्या प्रकारच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि बिछाने, शेगडी, हात धुण्याचें भांडें व शौचकूप असलेल्या गाड्या भाड्यानें मिळूं लागल्या. शहरांतील पुष्कळ घरांत हल्लीं अशा गाडीचा विषय निघतो. तो कसा निघतो आणि कोठवर जातो, हें पाहण्यास पुण्यांतील एका कुटुंबाची हकीकत उपयोगी पडेल.

ह्या घरांत मुलगा, सून, दोन नातवंडें आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींचें माहेर दापोली तालुक्यांत, केळशी आणि आंजर्लें यांच्या दरम्यान समुद्राकडे उतरत गेलेल्या एका आगरांत. अकरा वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. गुडघे धरलेले, उकिडवें बसवत नाहीं, मोटारींतून तासा-दीड तासानें उतरावें लागतें, आणि उतरल्यावर वाटेंत बायकांच्या सोईची स्वच्छ जागा मिळेलच असें नाहीं. ही शेवटची अडचण पुरुषांनीं आंखलेल्या प्रवासांत सहसा जमेस धरलेली नसते. घरोघरच्या वृद्ध स्त्रिया "मला मेलीला आतां कुठें प्रवास!" असें म्हणतात, त्यांतल्या निम्म्या जणींच्या मनांत हीच गोष्ट असते, ती बोलून दाखविण्याची सोय नसते, म्हणून वैराग्याची भाषा येते. सुनेनें ती ओळखली, आणि गाडीची कल्पना तिनेंच काढली.

मुलानें मात्र ती कल्पना हातीं येतांच पंख लावले. मांडव्यापासून मालवणपर्यंत समुद्राच्या कडेकडेनें पांच दिवसांत जावयाचें, असा बेत त्यानें एका रात्रींत केला. नकाशावर बोट फिरविण्यास वेळ लागत नाहीं. कोंकणच्या किनाऱ्याचा रस्ता मात्र प्रत्येक खाडीपाशीं थबकतो. राजपुरीच्या खाडीवर आगरदांड्याहून दिघीस, सावित्रीवर बागमांडल्याहून वेसवीस, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपाव्यास, शास्त्रीवर तवसाळहून जयगडास, असा गाड्या वाहून नेणाऱ्या नावांचा आधार घ्यावा लागतो. नाव भरलेली असली तर पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते. मधला रस्ता चढउतारांचा, वळणांचा, गांवाच्या आळींतून जाणारा. मोठी गाडी घेऊन तासाला पंचवीस-तीस किलोमीटरांवर हिशेब धरणारा मनुष्य दिवसाअखेर सुखी असतो. पन्नास धरणारा अंधारांत घाट उतरत असतो. अशा गाडीनें सूर्यास्तानंतर चालूंच नये, हा नियम बेत करतांनाच कागदावर लिहून टाकावा, कारण वाटेंत तो कोणालाच आठवत नाहीं.

सुनेनें हिशेब मांडला तो पाण्याचा. माणसें पांच. माणशीं पंधरा लिटर म्हटलें, तरी दिवसाला पंचाहत्तर लिटर झालें. टांकी शंभरांची. म्हणजे रोज कोठें तरी ती भरावयाची, आणि तितकेंच मैलें पाणी रोज कोठें तरी टाकावयाचें. भरण्याचा विचार सगळे करतात, टाकण्याचा कोणी करीत नाहीं. कोंकणांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, हें शाळेंतलें मूलही सांगतें; परंतु तें पाणी जांभ्या दगडांतून झिरपून समुद्राला मिळतें, आणि वैशाखांत त्याच गांवांच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हां उन्हाळ्याच्या सुट्टींत तेथें जाऊन कोणाच्या विहिरीवर शंभर लिटरांची टांकी भरणें हा पाहुणचार नव्हे, उपद्रव आहे. कार्तिकांत विहिरी भरलेल्या असतात. तरीही घरधन्यास विचारावें, पाणी शेंदून घ्यावें, आणि शौचकूपाची टांकी पऱ्ह्यांत, पुळणीवर किंवा झाडाच्या बुंध्याशीं कदापि रिकामी करूं नये. पऱ्ह्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर असतेच. गाडी भाड्यानें देणारा "कुठेंही टाका, साहेब, जंगलच आहे" असें म्हणाला, तर त्याची गाडी घेऊं नये हें उत्तम. ह्या कुटुंबानें हरिहरेश्वर येथील पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानीं आगाऊ विचारणा केली, आणि भाच्याच्या घरच्या शौचकूपाच्या टांकीचें झांकण कोणत्या बाजूस आहे, हेंही टेलिफोनवरून विचारून ठेवलें. हें विचारतांना मुलाला संकोच वाटला. प्रवासाच्या तयारींतील सर्वांत उपयुक्त प्रश्न बहुधा असेच संकोचाचे असतात.

तारखेवरून मात्र घरांत खटका उडाला. मुलाची रजा दिवाळीला लागून होती. आजींनीं पंचांग मागविलें आणि चष्मा लावून पान उलटूं लागल्या.

"आई, मुहूर्त बघून कुठें सहलीला जातात का?" मुलगा म्हणाला.

"अरे, मुहूर्त नव्हे. भरती पाहतें आहें मी."

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा हिशेब शहरांत आतां कोणास ठाऊक नसतो, म्हणून तो येथें देणें बरें. जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी. येईल तो आंकडा अजमासें भरतीच्या वेळेचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. दिवसा तसेंच रात्रीं. भरतीपासून सुमारें सहा तासांनीं ओहोटी. छापील कोष्टकांत मिनिटांचा हिशेब असतो, आणि नावेच्या वेळा नाववाल्यांनाच विचारावयाच्या. पण बेत करण्यापुरती ही पाऊणकी पुरते. त्रयोदशीस पुण्याहून निघालें, तर चतुर्दशीस सकाळीं दहाच्या सुमारास भर पाण्यांत बागमांडल्याची खाडी ओलांडतां येते. पाणी पुरें ओसरलें असतां धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि लांब शेपटाच्या गाडीचें मागलें अंग घासण्याचा संभव असतो. आजींना मोटारीचें शेपूट ठाऊक नव्हतें. पण बैलगाडी तरींतून कशी उतरवीत, हें त्यांनीं लहानपणीं पाहिलें होतें.

ह्याच हिशेबांत एक भय दडलेलें आहे. पौर्णिमेस आणि अमावास्येस भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. पौर्णिमेच्या संध्याकाळीं सहाच्या सुमारास समुद्र दूर गेलेला असतो. पुळण घट्ट, सपाट, डांबरी रस्त्यासारखी दिसते. चंद्र वर येत असतो. शहरचा मनुष्य मोहून जाऊन गाडी तेथेंच उभी करतो आणि झोंपतो. मध्यरात्रीं तोच समुद्र मोठ्या भरतीनें परत येतो. चाकांखालची वाळू पाण्यानें सुटते, आणि तीन-चार टनांची गाडी तेथून निघत नाहीं. किनाऱ्यावर पाण्यांत अडकलेल्या मोटारींच्या बातम्या वर्षाकाठीं येतातच. आजींनीं हें सांगितलें तेव्हां नातवाचा चेहरा उतरला, कारण समुद्राच्या कांठीं निजणें हाच त्याच्या लेखीं सगळा प्रवास होता. त्यास सुरूच्या बनामागची, गांवाच्या बाजूची जागा कबूल करावी लागली.

पण आजींच्या पंचांगांतलें खरें कारण भरतीही नव्हे. त्रयोदशीस निघालें म्हणजे तिसऱ्या दिवशीं त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्रीं त्यांच्या माहेरच्या देवळापुढची दीपमाळ पाजळतात. त्यांच्या लग्नानंतर ती पाहण्याचा योग आला नव्हता. कार्तिकी पौर्णिमेस माहेरीं जाण्याची रीत नव्हती आणि पुढें सवड नव्हती. हें त्यांनीं फार हळू सांगितलें. मुलानें रजा पंधरा दिवस पुढें ढकलली. दिवाळीनंतरची शाळा नातवंडांची चार दिवस बुडणार होती. शाळा बुडविणें वाईटच. पण भरती-ओहोटी पुस्तकांत वाचलेल्या मुलांनीं ती एकदां आजीच्या पाऊणकीनें ताडून पाहावी, यासाठीं कोणत्याही शहाण्या मास्तरानें रजेच्या अर्जावर सही करावी.

आतां स्टेबल्सच्या तीनचाकीवरील नोकराची आठवण होते. नकाशांत सगळें दिसतें. गडग्यावर ओणवलेली फणसाची फांदी दिसत नाहीं. भाच्यानें हें काम केलें. ठरविलेली गाडी तीन मीटर उंच आणि सव्वादोन मीटर रुंद. त्यानें तेवढ्या लांबीची वेळूची काठी कापली, मागें एका पोराला ती उभी धरून बसविलें, आणि केळशीच्या फांट्यापासून घरापर्यंत स्कूटर चालविली. संध्याकाळीं त्याचा टेलिफोन आला. दोन ठिकाणीं विजेची तार काठीला लागते, ती वर घेतां येईल. तीन फांद्या छाटतां येतील. पण आळीच्या तोंडाशीं दोन चिरेबंदी गडग्यांमधली वाट काठीनें मोजली तर जेमतेम दोन मीटर भरते, आणि लगेच वळण आहे. "आत्या, गाडी देवळापाशीं राहील. तिथून घरापर्यंत चढ आहे, पाखाडी आहे. तुला उचलून आणूं, काळजी करूं नकोस."

आजींनीं टेलिफोन ठेवला आणि "मग राहूं दे," एवढेंच म्हणाल्या.

ज्या एका कारणासाठीं चाकांवरचें घर घ्यावयाचें, तेंच कारण शेवटच्या दीड फर्लांगावर अडून बसलें. उचलून नेणें भाच्याला सोपें होतें. उचलून नेलें जाणें सोपें नव्हतें. स्वतःच्या माहेरच्या दारांत बाईला आपल्या पायांनीं उतरावयाचें असतें.

दोन दिवस ह्या बेताचें नांव कोणी काढलें नाहीं. मग सुनेनें दुसरी गाडी पाहिली. ती लहान, उंची अडीच मीटरांहून कमी, रुंदी पावणेदोन मीटर. बिछाने पांचांऐवजीं तीन, वातानुकूलन नाहीं, चित्रपट पाहण्याचा पडदा नाहीं, पण शौचकूप आहे आणि पायरी ठेंगणी आहे. मुलानें व नातवानें तंबूंत निजावें, असें ठरलें. नातवाला ह्यांत तोटा दिसेना. मालवण गेलें, गुहागर-हेदवी गेलें. केशवसुतांचें जन्मगांव मालगुंड पाहण्याची नातीची इच्छाही पुढल्या वर्षावर गेली, आणि तिच्याबद्दल मात्र वाईट वाटतें. राहिलें तें असें : पहिल्या दिवशीं ताम्हिणी घाटानें माणगांव, म्हसळें आणि हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशीं नावेनें वेसवी, दुपारपर्यंत माहेर, तिसरा व चौथा दिवस तेथेंच, पांचव्या दिवशीं दापोली, खेड, महाड करीत ताम्हिणीनेंच परत. पहिल्या बेताच्या मानानें हा निम्माही नाहीं. परंतु पहिल्या बेतांत आजी कोठें होत्या, हें शोधूनही सांपडलें नसतें.

बारीकसारीक गोष्टींत वेळ घालविण्याचें कारण नाहीं; तरी दोन सांगितल्या पाहिजेत. गाडी चालतांना बिछान्यावर कोणी निजावयाचें नाहीं. सर्वांनीं आसनावर पट्टा बांधून बसावयाचें, आणि गॅसची कळ बंद. म्हणून आजींसाठीं तासातासाला दहा मिनिटांचा थांबा वेळापत्रकांत धरला. दुसरें, गाडीची उंची मोठ्या आंकड्यांनीं लिहून चालकाच्या नजरेसमोर डकवावी. शहरांत रोज लहान मोटार चालविणारा मनुष्य आपल्या डोक्यावर हातभर घर आहे, हें दुसऱ्याच दिवशीं विसरतो.

त्रयोदशीच्या पहांटे पांचला गाडी दाराशीं उभी होती. सुनेनें पाण्याची टांकी पुन्हां पाहिली, मुलानें चाकांची हवा पाहिली. आजींच्या पिशवींत दोन लुगडीं, गुडघ्याचें तेल, परततांना कोकमाचें आगळ आणण्यासाठीं दोन रिकाम्या बाटल्या, आणि कापसाच्या घडींत जपून ठेवलेली, स्वतः वळलेली साडेसातशें पदरांची त्रिपुरवात. मागच्या आसनावर उशी लावून त्यांची जागा केली होती. त्या तेथें बसल्या नाहींत.

"मी पुढें बसतें," त्या मुलाला म्हणाल्या. "वेसवीच्या पुढें तुला वाट कोण दाखवणार?"