ग्रामसभेचा आवाज वस्तीपर्यंत
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले की ते मुळा-मुठेच्या वाटेने रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि मग आपल्या मांडवगण फराटा पंचक्रोशीच्या काठाला लागते. नदीवरच्या मोटारी वेळेत वर घ्यायच्या, तर निरोप पाण्याच्या आधी वस्तीवर पोचायला हवा. उसात बिबट्या दिसला, रोहित्र जळाले, घरकुलांच्या यादीवर ग्रामसभेत काय ठरले, हेही असेच निकडीचे निरोप. आपली बरीच घरे मळ्यात आहेत. दवंडी तिथवर जात नाही आणि मोबाइलवर खऱ्याबरोबर खोटेही तितक्याच वेगाने फिरते. म्हणून गावचा कारभार घरच्या टीव्हीवर दिसावा, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याने ही वाट मोकळी केली. शहराला केबल कंपनीकडून नागरिक, शिक्षण आणि स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या मागता येतात. कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्कही घेता येते. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांनी प्रसारणात उतरू नये अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने राज्य सरकारांनाही तेच कळवले. सत्तेच्या हाती वाहिनी नको, ही काळजी रास्तच आहे. पण केबल जाळ्यावरच्या स्थानिक वाहिन्यांना नियमांत जागा आहे. वाहिनी केबलवाल्याची राहू द्या. ग्रामसभेचे चित्रण गावाने त्याला द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे.

आता मुख्य मुद्दा, तंत्राचा. ग्रामसभेत सर्वांत आधी सांभाळायचा तो आवाज. कॅमेऱ्यावरचा माइक पंख्याची घरघर टिपतो आणि व्यासपीठावरचे बोलणे तेवढे स्पष्ट येते. मागच्या रांगेतून पाण्याबद्दल विचारणाऱ्या बाईचा प्रश्न ऐकूच आला नाही, तर प्रेक्षकाच्या लेखी तो विचारलाच गेला नाही. म्हणून एक माइक लोकांत फिरता हवा, मिक्सरमधून आवाज थेट ध्वनिमुद्रणात घ्यायला हवा आणि कानाला हेडफोन लावून तो सतत तपासणारा माणूस हवा. कोणाचा आवाज गावापर्यंत जाईल, हे इथे ठरते. तंत्रसाहाय्याला मी लोकशाहीचे काम म्हणतो ते यासाठी.

वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवा. चित्रणाची प्रत दोन ठिकाणी हवी. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी शिरते. जुन्या केबलवर सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातमी कळायची. डिजिटलमध्ये चित्र फुटते आणि एकदम बंद पडते. त्यामुळे दुरुस्ती लांबवून चालत नाही.

आपल्या देशाला हा धडा जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणीचा प्रयोग चालवला. ओबडधोबड रस्त्यांच्या, बेभरवशाच्या विजेच्या गावांत संच चालू ठेवायचे, म्हणून देखभालीची वेगळी यंत्रणाच उभारली होती. दुरुस्तीचा विचार प्रयोगाच्या आखणीतच होता. आपण मात्र पुष्कळदा यंत्राचे उद्घाटन करतो आणि वर्षभराने त्यावर फडके टाकतो.

माझी मागणी साधी आहे. येत्या ग्रामसभेत ठराव करा. यंत्रखरेदीइतकीच देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा. गावातली आयटीआय झालेली एक मुलगी आणि एक मुलगा निवडा, त्यांना शिकवा आणि कामाचा मोबदला द्या. फुकटची सेवा दोन महिने टिकते. केबलवाल्याशी लेखी करार करा. चित्रण न कापता दाखवायचे, हे त्यात पहिले कलम असू द्या. विरोधकाचा प्रश्न आणि सरपंचांचे उत्तर दोन्ही सारख्याच आवाजात घरोघर पोचले, तर ही वाहिनी गावची झाली असे मी मानेन.