शाब्दिक उदाहरणे आणि आपले घर
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



नांदेड-लातूरकडे पालक भेटले की एक तक्रार हमखास कानी येते. "मुलाला पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी बिनचूक करतो, पण उदाहरण शब्दांत आले की वही कोरी ठेवतो." मग आपण निकाल देऊन मोकळे होतो की याला गणिताचे डोके नाही. मुलगी असेल तर आणखी एक वाक्य जोडले जाते, "हिला गणित घेऊन काय करायचे आहे?" हा निकाल घाईचा आहे आणि त्याची किंमत मुलाला जन्मभर मोजावी लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

अडचण कोठे आहे ते पाहा. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते. शाळेचे पुस्तक कोणाचे मराठीत, कोणाचे उर्दूत, तर कोणाचे इंग्रजीत. पुस्तकात 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'निमपट' असे शब्द येतात. मूल 'प्रत्येकी' या शब्दावर अडते आणि आपण समजतो की ते भागाकारावर अडले. वस्तुतः हे शास्त्र आपल्याला परके नाही. हिशेब, रक्कम, जमाखर्च, वजा आणि बाकी हे मराठीतले रोजचे शब्द अरबी-फारसीतूनच आले आहेत. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या उदाहरणांचा आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. तीही शाब्दिक उदाहरणांनी भरलेली आहे, आणि अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये ती फारसीत आणली. म्हणजे शब्दांतले गणित हेच मूळचे गणित होय.

आता घरी काय करावे? त्यासाठी आई-वडिलांनी शिकलेले असलेच पाहिजे असे नाही. चार प्रश्न विचारता आले म्हणजे पुरे.

पहिला प्रश्न : "यात काय झाले, ते आपल्या बोलीत सांग." मुलाने पुस्तक मिटून, आकडे न सांगता, नुसती हकीकत सांगावी. हकीकत सांगता आली नाही तर ते उदाहरण अजून वाचलेच गेलेले नाही असे समजा.

दुसरा प्रश्न : "काय दिले आहे आणि काय विचारले आहे?" १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे लहान मुलांना विचारण्यात आले की, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दाखवले! मुले मठ्ठ नव्हती. आकडे दिसले की काहीतरी करायचे, ही त्यांची सवय झाली होती.

तिसरा प्रश्न : "चित्र काढून किंवा दाणे मांडून दाखवशील का?" येथे एक सावधगिरी सांगतो. 'जास्त' म्हणजे बेरीज आणि 'कमी' म्हणजे वजाबाकी, अशी गुरुकिल्ली मुलाच्या हाती देऊ नका. सलमाकडे २४ बोरे आहेत, ती शबानापेक्षा ६ ने जास्त आहेत, तर शबानाकडे किती? 'जास्त' शब्द पाहून मूल ३० म्हणेल. हरभऱ्याचे दाणे दोन ओळींत मांडा, १८ हे उत्तर त्याचे त्यालाच दिसेल.

चौथा प्रश्न : "हे उत्तर खरे वाटते का?" नांदेडहून ४० मुले कंधारचा किल्ला पाहायला निघाली. एका जीपमध्ये ९ मुले बसतात, तर जीप किती लागतील? भागाकार ४ आला, बाकी ४ उरली. वहीत तेवढे लिहून मूल मोकळे होते. त्याला विचारा, "त्या चार मुलांना घरी ठेवायचे का?" पाचवी जीप लागते हे ते हसत हसत सांगेल.

मोठे उदाहरण असेल तर त्याचे तुकडे पाडावेत. लातूरच्या अडतीवर शेतकऱ्याने ५० किलोची १२ पोती तूर आणली. २ पोती भिजलेली म्हणून परत नेली. विक्री किती क्विंटल झाली? आधी पोती १०, मग किलो ५००, मग क्विंटल ५. एका वेळी एकच पायरी. घाई झाली की मूल पोत्यांतून किलो वजा करू लागते.

मातांना माझी विशेष विनंती आहे. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोनशे हा हिशेब आपण भाजी घेताना तोंडी करता. तो मोठ्याने करा. आठवड्यातून एकदा मुलालाच म्हणा, "आजच्या बाजारावर तू एक उदाहरण तयार कर, मी सोडवते." जो उदाहरण रचतो त्याला उदाहरणाची भीती राहत नाही. आपण चुकलात तर मुलाला दुरुस्त करू द्या. आणि उत्तर चुकले म्हणून मुलावर हात उगारू नका. "कसे केलेस?" एवढे विचारा, निम्म्या चुका सांगता सांगताच सुटतात.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत शाब्दिक उदाहरण सोडून पुढे जाऊ नका. दोनदा वाचा, काय विचारले आहे त्याखाली रेघ ओढा, मगच आकड्यांना हात लावा.

उद्या हीच मुले दुकानाची उधारी, बँकेचे व्याज आणि बियाण्यांची पावती वाचणार आहेत. जगात हिशेब आकड्यांत मांडून कोणी देत नाही, तो शब्दांतच येतो. जो शब्द समजत नाही तो फसतो. म्हणून रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे आणि एकच उदाहरण, एवढा वेळ आपण मुलांना आणि मुलींना सारखाच द्यावा, ही विनंती करून आपली रजा घेतो.