दारिद्र्य : त्याची मुळे आणि त्याची फळे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जगातील दारिद्र्याची कारणे आणि परिणाम या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून ज्याने आपले आयुष्य शाळेत घालविले, असा एक निवृत्त शिक्षक आहे. तेव्हा वाचनातून आणि अनुभवातून जे पटले, तेवढेच आपल्यापुढे नम्रपणे मांडतो.

दारिद्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, हे ज्याच्या त्याच्या नशिबाचे भोग; दुसरा म्हणतो, हे आळसाचे फळ. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. ती अशी की, उत्तर देणाऱ्यास स्वतः काहीच करावे लागत नाही. परंतु इतिहास वाचला असता या उत्तरांना फारसा आधार सापडत नाही.

प्रथम हैती या कॅरिबियन समुद्रातील देशाचे उदाहरण घेऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही फ्रान्सची अत्यंत संपन्न वसाहत होती. तेथील साखर आणि कॉफी युरोपात जाई, आणि ती पिकविणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. त्या गुलामांनी उठाव करून 1804 साली स्वातंत्र्य मिळविले. पुढे 1825 साली फ्रान्सने युद्धनौका पाठविल्या आणि मळेवाल्यांच्या नुकसानीची भरपाई म्हणून 15 कोटी फ्रँक मागितले. 1838 साली ही रक्कम 9 कोटींवर आली खरी. परंतु ती फेडण्यासाठी फ्रान्समधील पेढ्यांकडूनच कर्ज काढावे लागले, आणि या ऋणाची अखेरची बाकी फिटावयास 1947 साल उजाडले. म्हणजे, ज्यांना गुलाम केले होते त्यांनीच आपल्या मुक्ततेची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. जो पैसा शाळा, रस्ते आणि दवाखाने यांवर खर्च व्हावयाचा, तो व्याजात गेला. तेथील पुढच्या राज्यकर्त्यांचे दोष नाहीत असे नव्हे. पण अशा देशाला आळशी कोण म्हणेल?

ऋणाची हीच कथा आपल्या दख्खनच्या मातीतही घडली आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचा भाव चढला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव उतरला. सरकारी सारा मात्र रोख, आणि पुढे वाढीव दराने, भरावा लागे. अखेर 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत सावकारांवर चालून गेली. दंगा गावोगाव पसरला. त्यात लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. ते हिसकावून घेऊन जाळण्यात आले. 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करणे भाग पडले. त्या शेतकऱ्यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती; तरी तेथील युद्धाचे चटके त्यांच्या घरापर्यंत पोहोचले.

दारिद्र्य म्हणजे केवळ वस्तूंचा तुटवडा, हाही समज पुरता खरा नाही. 1943 साली बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसे मृत्युमुखी पडली. अमर्त्य सेन यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, बाजारातील धान्य मागील वर्षांच्या मानाने फार घटले नव्हते. युद्धकाळात तांदळाचा भाव मजुरीला मागे टाकून पुढे गेला होता. म्हणून बळी गेले ते मुख्यतः शेतमजूर, कोळी आणि छोटे कारागीर. याउलट 1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, पिके बुडाली. परंतु दुष्काळी कामांवर लाखो हातांना मजुरी मिळाली आणि बंगालसारखा अनर्थ टळला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना आपणा सर्वांस ठाऊक आहेच. दुष्काळ निसर्ग आणतो. उपासमार टाळणे माणसाच्या हाती असते.

आता परिणामांकडे वळतो. दारिद्र्याच्या वृक्षाचे विपरीत हे की, त्याच्या फळातच पुन्हा त्याचे बी असते. शिक्षक म्हणून हे मी वर्षानुवर्षे हजेरीपटावर पाहिले. घरात आजारपण येते किंवा लग्न निघते. मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती फेडण्यासाठी नवराबायको कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे सांभाळणारे कोणी नसले की मूलही त्यांच्याबरोबर जाते. उन्हाळ्यात ते परतते तेव्हा वर्गाचे अर्धे पुस्तक पुढे गेलेले असते. दोनतीन वर्षे असे झाले की मूल शाळेत येणेच सोडते, आणि थोडे मोठे होताच त्याच्याही हाती कोयता येतो. त्याच्या लग्नासाठी पुन्हा उचल घेतली जाते. बापाच्या दारिद्र्याचा परिणाम तो मुलाच्या दारिद्र्याचे कारण झाला. या साखळीत आळस कोठे आहे, ते मला कोणी दाखवावे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे 1990 साली जगातील दर तीन माणसांत एकाहून अधिक माणूस अतिदारिद्र्यात होता. आता हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले आहे. त्यातही निम्म्याहून अधिक लोक आज सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. चीन, व्हिएतनाम यांसारख्या देशांतील कोट्यवधी माणसे या दशेतून वर आली, ती काही एकाएकी उद्योगी झाली म्हणून नव्हे. कष्ट तर ती पूर्वीही करीतच होती. जमीन, शिक्षण, आरोग्य आणि रोजगार यांची जोड मिळाली, तेव्हा त्या कष्टांचे चीज झाले.

जगाची साखळी तोडणे आपल्या मंडळाच्या आवाक्यात नाही. परंतु तिचा एखादा दुवा आपल्या हाती निश्चित आहे. म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्त्या आज सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यांस दिल्या जातात, ते योग्यच आहे. पण निदान काही रक्कम अशा मुलांसाठी राखून ठेवावी, ज्यांची शाळा सुटण्याच्या बेतात आहे. नव्वद टक्के मिळविणारा पुढे जाईलच. सातवीत गळणाऱ्याला हात देणारा कोणी नसतो. दुसरी विनंती संपन्न कुटुंबांस आहे. आपण ऋण काढून सण करीत नाही, हे खरे. परंतु आपल्या मांडवाची बरोबरी करण्यासाठी आपलाच एखादा गरीब बंधू ऋण काढतो. म्हणून साध्या विवाहाची सुरुवात वरून व्हावी, खालून नव्हे.

या सभागृहात आज जे आले आहेत त्यांचे स्वागत झाले. जी कुटुंबे नेसावयास धड वस्त्र नाही, वर्गणी द्यावयास पैसा नाही या संकोचाने आली नाहीत, त्यांची नावे आपल्या स्मरणिकेत कोठेच नसतात. येत्या वर्षी कार्यकर्त्यांनी त्यांच्या दारी जावे; वर्गणी मागावयास नव्हे, तर मूल शाळेत जाते की नाही एवढे विचारावयास.